बदलीवाल्यांचा कायदा

चिंचवडला आमच्या शेजारच्या काकांच्या स्वयंपाकघरात एक कॅलेंडर टांगलेलं असायचं. चौकोनाच्या वरच्या बाजूला काकूंच्या हातचा दुधाचा हिशेब आणि खालच्या कोपऱ्यात लाल पेन्सिलीची बारीकशी फुली. फुली म्हणजे काकांची भरलेली ड्यूटी. महिना संपला की काका फुल्या मोजून आधीच्या महिन्यांत मिळवायचे आणि पानाच्या तळाशी आकडा टाकायचे. तो आकडा दोनशेवीसच्या पुढे सरकला की घरातलं बोलणं कमी व्हायचं. मग एके दिवशी, कधी २२८ला तर कधी २३३ला, गेटवरचा वॉचमन संध्याकाळी पास काढून घ्यायचा. याला कारखान्यात ‘ब्रेक’ म्हणत. पंधरावीस दिवसांनी पुन्हा बोलावणं येई. नेमणूकपत्र नवं, टोकन नंबर नवा, मशीन मात्र तेच. फुल्या पुन्हा एकपासून सुरू.

त्यांच्या डाव्या हाताच्या मशीनवर कायम कामगार होता. दोघांचा जॉब एकच, तासाचा आकडा एकच. त्याला बोनस, रजा, वर्षाला दोन गणवेश आणि बूट. काकांना हजेरीचे पैसे. काका म्हणायचे, “कोण पर्मनंट नि कोण टेंपररी, ते मशीनला थोडंच कळतं?”

कामाच्या ठिकाणचा भेदभाव म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे जात, धर्म, बाईमाणूस-पुरुषमाणूस येतं, आणि ते योग्यच आहे. पण महाराष्ट्रातल्या कारखान्यांत सर्वांत जास्त माणसं ज्या भेदभावाखाली वावरली, तो हजेरीपटाचा भेदभाव आहे. एकाच छपराखाली दोन मस्टर. त्यावर बोट ठेवणारा कायदा या राज्याने बराच आधी केला. ज्यांच्यासाठी तो केला त्यांतल्या अनेकांना त्याचं नावही धड सांगता येत नाही, आणि त्यात त्यांचा दोष नाही. नाव असं आहे: महाराष्ट्र कामगार संघांना मान्यता देण्याबाबत आणि अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करण्याबाबत अधिनियम, १९७१. वकील आणि युनियनवाले इंग्रजी आद्याक्षरं जोडून ‘एमआरटीयू-पल्प’ म्हणतात, आणि तक्रार दाखल केली की ‘यूएलपी टाकली’.

राज्याला वेगळा कायदा लागला याचं एक कारण राज्यघटनेच्या रचनेत आहे. कलम १४, १५ आणि १६ समानतेची हमी देतात आणि नोकरीतला भेदभाव नाकारतात, पण नोकरीपुरती ती सरकारला आणि सरकारच्या अखत्यारीतल्या संस्थांना बांधतात. खासगी मालकाने अमक्याला घेतलं नाही किंवा तमक्याला बढती दिली नाही, तर घटनेचं पुस्तक घेऊन थेट त्याच्या दारात उभं राहता येत नाही. तिथे एखादा विशिष्ट कायदा हाताशी असावा लागतो. स्त्री-पुरुषांच्या वेतनापुरता १९७६चा समान वेतन कायदा होता, त्याची चव मुंबईच्या मॅकिनन मॅकेंझी कंपनीने चाखली. तिथे साहेबांच्या खास स्टेनोग्राफर बायकांना पुरुष स्टेनोग्राफरपेक्षा कमी पगार मिळे. ऑड्री डिकॉस्टा यांनी दाद मागितली आणि प्रकरण १९८७मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. कंपनी म्हणाली, हे वेतन युनियनशी झालेल्या करारानुसारच आहे, आणि शिवाय आम्हाला एवढं परवडत नाही. दोन्ही बचाव टिकले नाहीत.

त्यातला करारावर बोट ठेवणारा बचाव विसरू नये. भेदभाव मालक एकटाच करतो असं नाही, हे मुंबईला फार जुनं ठाऊक आहे.

गिरण्यांत साच्या खात्यात, म्हणजे मागांवर, पगार चांगला असे. पण तिथे धोट्यातली कांडी संपली की नवी भरून तिचा धागा धोट्याच्या भोकातून ओठांनी ओढून बाहेर काढावा लागे. एका धोट्याला अनेकांचे ओठ लागायचे. स्पृश्य विणकरांना ते चालेना, म्हणून अस्पृश्य मानलेल्या कामगारांना साच्या खात्यात मज्जाव. त्यांनी कमी पगाराच्या रिंग खात्यात, म्हणजे सूतकताईवर, राहायचं. १९२८च्या सार्वत्रिक संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा विषय पुढाऱ्यांपुढे ठेवला आणि विणकाम खातं सर्वांना खुलं करण्याची मागणी संपाच्या मागण्यांत घ्यायला लावली. ती घेतली गेली, पण नाखुशीनेच. ही मागणी मालकांपुढे गेली तेव्हा त्यांनी हात झटकले: हा अन्याय असेल तर त्याला आम्ही जबाबदार नाही. गिरणीमालकांच्या तोंडून निघालेलं इतकं बोचरं खरं वाक्य दुसरं शोधावं लागेल.

बदली हा शब्दही गिरणीतलाच. कायम कामगार आला नाही तर त्याच्या जागी उभा राहणारा तो बदली कामगार. सकाळी गेटपाशी उभं राहायचं, जॉबरची, म्हणजे मुकादमाची, नजर पडली तर आत, नाही तर परत खोलीवर. जॉबरच्या मर्जीला दाम असे. तो कधी पैशांत वसूल होई, कधी दारूत, कधी गावच्या नात्यात. वर्षानुवर्षं बदली राहून केस पांढरे झालेली माणसं गिरणगावाने पाहिली आहेत. पुढे हा शब्द गिरणीच्या भोंग्यापलीकडे गेला आणि शेवटी इंग्रजीत लिहिलेल्या कायद्यातही ‘बदली’ असाच, जसाच्या तसा जाऊन बसला. कायद्याच्या भाषेत मराठमोळ्या कामगाराचा इतका ठसठशीत अंगठा क्वचितच उमटतो.

१९६८मध्ये राज्य सरकारने अनुचित कामगार प्रथांचा विचार करण्यासाठी समिती नेमली होती. तिच्या शिफारशींतून हा कायदा आला. तो १९७२चा महाराष्ट्र अधिनियम क्रमांक १ आहे आणि ८ सप्टेंबर १९७५ला लागू झाला. कलमं कोरडी आहेत, जीव आहे तो शेवटच्या परिशिष्टांत. मालकाने करू नयेत अशा गोष्टींची यादी दुसऱ्या आणि चौथ्या परिशिष्टात, युनियनने करू नयेत अशांची तिसऱ्यात. (घेराव घालणं आणि मालकाच्या घरापुढे निदर्शनं करणं तिसऱ्यात येतं. ते वाचून कुणाला राग येतो नि कुणाला समाधान वाटतं, यावरून माणूस टेबलाच्या कुठल्या बाजूला बसतो ते ओळखावं.)

ही यादी ज्यांनी केली त्यांनी कारखाना आतून पाहिला असणार. दुसऱ्या परिशिष्टात युनियनच्या कामापायी कुणाची सेवाज्येष्ठता बदलणं आहे, बढती अडवणं आहे. पण त्यात असंही आहे की, कामगारांत फूट पडावी किंवा त्यांच्या संघटनेचं बळ कमी व्हावं म्हणून लायकी नसलेल्या काहींना बढती देणं हीसुद्धा अनुचित प्रथा. एखाद्याला त्रास देणं म्हणजे भेदभाव, हे सगळ्यांना कळतं. एखाद्याला खिरापत वाटून बाकीच्यांना आपापसांत लावणं हाही भेदभावच, हे कळायला शॉपफ्लोअरवर दिवस काढावे लागतात. चौथ्या परिशिष्टात सूडापोटी काढून टाकणं, खोट्या गुन्ह्यात अडकवणं, घाईघाईत देखल्या देवा दंडवत घातल्यासारखी खातेचौकशी उरकणं, क्षुल्लक चुकीला भयंकर शिक्षा देणं, व्यवस्थापनाच्या धोरणाच्या आडून आकसाने लांब कुठे तरी बदली करणं आहे. तक्रार केली किंवा कोर्टात साक्ष दिली म्हणून एखाद्याशी दुजाभाव करणंही आहे.

त्यातल्या पाच आणि सहा क्रमांकाच्या बाबी आपल्या विषयाच्या गाभ्याच्या. पाचवी सांगते: गुणवत्ता न पाहता कामगारांच्या एका गटाला झुकतं माप देणं किंवा त्याच्याशी पक्षपात करणं. सहावी सांगते: कामगारांना बदली, नैमित्तिक किंवा तात्पुरते म्हणून नेमून, कायम कामगारांचा दर्जा आणि हक्क त्यांना मिळू नयेत या हेतूने वर्षानुवर्षं तसंच ठेवणं.

पाचव्या बाबीत जात नाही, धर्म नाही, लिंग नाही. ‘एक गट’ एवढंच. हे तिचं बळ, कारण कुठल्याही पायावर केलेला गट तिच्यात बसतो. आणि हीच तिची उणीव, कारण जातीवरून होणारा दुजाभाव जातीचं नाव घेऊन पकडावा लागतो. सगळ्यांना मिळून एक मोघम शब्द दिला की दुखणं नेमकं कुठलं ते कागदावर येत नाही. शिवाय ‘गुणवत्ता न पाहता’ या शब्दांचं दार मालकाला उघडंच आहे. कुणाला डावललं की त्याची गुणवत्ता कमी होती हे सांगणारा कागद बहुधा तयारच असतो.

सहावी बाब मला जास्त धारदार वाटते. ती माणूस कोण आहे ते विचारत नाही. त्याला कुठल्या मस्टरवर किती वर्षं ठेवलं एवढंच विचारते. अडचण एका शब्दाची होती: ‘हेतूने’. मालकाच्या मनातला हेतू कामगाराने सिद्ध कसा करायचा? त्याचं उत्तर पुण्यातल्या पर्वतीच्या डोंगरउतारांवर मिळालं. वनखात्याने तिथे पाचगाव पर्वती भागात झाडं लावायची योजना घेतली होती आणि खड्डे खणायला, रोपं जगवायला रोजंदारीची माणसं ठेवली. वर्षाला शंभर ते तीनशेतीस दिवस, अशी पाच-सहा वर्षं. कामगार औद्योगिक न्यायालयात गेले, आणि सरकार सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडलं. वनखातं हा उद्योगच नाही, योजनाच तात्पुरती, कुणाचा हक्क बुडवायचा आमचा हेतू नव्हता, असं सगळं म्हणून झालं. १९९६मध्ये छापून आलेल्या त्या निकालाने हेतूचा गुंता सोडवला. माणसाला वर्षानुवर्षं तात्पुरतं ठेवलं असेल, तर हक्कांपासून दूर ठेवण्याचा हेतू त्या वागण्यातूनच काढता येतो. आणि हे केलं कुणी, तर सरकारनेच. आदर्श मालक म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवायचं, तोच पहिल्या बाकावरचा आरोपी निघाला.

दहा वर्षांनी वारं फिरलं. कर्नाटकातल्या उमादेवी प्रकरणात २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितलं की, सरकारी नोकरीत रीतसर भरतीखेरीज आलेल्यांना, कितीही वर्षं काम केलं तरी, कायम होण्याचा हक्क आपोआप मिळत नाही. यामागेही समानतेचंच तत्त्व होतं: मागच्या दाराने आलेल्यांना कायम केलं, तर पुढच्या दारात अर्ज घेऊन उभ्या असलेल्यांवर अन्याय. पण हा निकाल हाती येताच जो तो मालक, सरकारी आणि निमसरकारी, तो ढालीसारखा पुढे धरू लागला. महाराष्ट्रात त्याला वळण लागलं ते एसटीत. डेपोतल्या गाड्या झाडणाऱ्या-धुणाऱ्या रोजंदारी कामगारांसाठी कास्ट्राईब राज्य परिवहन कर्मचारी संघटना लढत होती. २००९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फरक स्पष्ट केला. उमादेवीचा निकाल उच्च आणि सर्वोच्च न्यायालयांच्या घटनात्मक अधिकारांपुरता आहे. राज्याच्या या कायद्याने औद्योगिक न्यायालयाला दिलेले अधिकार त्याने काढून घेतलेले नाहीत. पदं अस्तित्वात असतील आणि सहाव्या बाबीखालची अनुचित प्रथा सिद्ध झाली असेल, तर कायम करण्याचा आदेश देता येतो. नवी पदं निर्माण करणं मात्र न्यायालयाचं काम नाही. गाड्या धुणाऱ्या माणसांनी बाकी सगळ्यांची वाट मोकळी केली.

या कायद्याचं मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटणारं अंग मात्र परिशिष्टांत नाही, दारात आहे. केंद्राच्या औद्योगिक विवाद कायद्यातही १९८४पासून अनुचित प्रथांची अशीच यादी आली. पण त्या कायद्यात कामगाराची वाट कामगार आयुक्तांच्या कचेरीतून जायची: आधी समेटाच्या बैठका, मग त्या फिसकटल्याचा अहवाल, मग सरकारला वाटलं तर प्रकरण न्यायालयाकडे. राज्याच्या कायद्यात कामगार किंवा त्याची युनियन थेट तक्रार करते. कामावरून काढल्याचं प्रकरण कामगार न्यायालयात, बाकीची बहुतेक औद्योगिक न्यायालयात. न्यायालय कलम ३०खाली प्रथा बंद करायला सांगू शकतं, नुकसानभरपाई देऊ शकतं, कामावर परत घ्यायला लावू शकतं. निकालाआधी अंतरिम आदेशही देऊ शकतं. बदलीचा हुकूम हातात पडलाय आणि सोमवारी दीडशे मैलांवर हजर व्हायचंय, अशा माणसाला पाच वर्षांनी मिळणाऱ्या न्यायापेक्षा शनिवारची स्थगिती मोलाची.

मुदत मात्र कडक आहे. अनुचित प्रकार घडल्यापासून ९० दिवसांत तक्रार झाली पाहिजे. उशिराला पुरेसं कारण असेल तरच न्यायालय तो माफ करतं. या नव्वद दिवसांनी जितकी माणसं मारली तितकी कुठल्या निकालाने मारली नसतील. ब्रेक दिलेल्या माणसाला सुपरवायझर सांगतो, “वरून ऑर्डर आली की फोन करतो.” माणूस फोनकडे पाहत बसतो. कोर्टात गेलो तर पुन्हा घेणार नाहीत ही भीतीही खरीच असते.

दुसरं संकट पुराव्याचं. बारा महिन्यांत २४० दिवस भरले की बदली किंवा हंगामी कामगाराला लेखी आदेशाने कायम करावं, असं राज्याच्या आदर्श स्थायी आदेशांत होतं. साखर कारखान्यांसारख्या हंगामी उद्योगांत हे दिवस १९०. काकांचा आकडा २३३वर का अडायचा ते आता लक्षात आलं असेल. कायद्याने रेघ ओढली की तिच्या अलीकडे नेमकं किती बोटांवर थांबायचं, हे शिकवणारे सल्लागारही लगेच तयार होतात. पण दिवस भरले हे दाखवायचं कामगाराने. नुसतं प्रतिज्ञापत्र पुरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२मध्ये सांगितलं, आणि मस्टर तर मालकाच्या कपाटात. पुढे न्यायालयांनी यावरचा तोडगाही मान्य केला: मालकाने मस्टर आणि पगारपत्रकं हजर करावीत असा अर्ज कामगाराने करावा, मागूनही ती आली नाहीत, तर न्यायालय त्याचा अर्थ मालकाच्या विरुद्ध लावू शकतं. असा अर्ज करताना कुठल्या साली, कुठल्या महिन्यांत, कुठल्या खात्यात काम केलं ते नेमकं सांगता आलं पाहिजे. म्हणून भविष्य निर्वाह निधीची स्लिप, ईएसआयचं कार्ड, गेटपासची झेरॉक्स, ओव्हरटाइमची चिठ्ठी, रजेच्या अर्जावरची साहेबांची सही, असं जे काही हाती लागेल ते जपावं. हल्ली निधीचं पासबुक मोबाइलवर दिसतं, त्यात कुठल्या मालकाने कुठल्या महिन्याचा हप्ता भरला ते उमटलेलं असतं. मधला कोरा महिना ब्रेकची साक्ष देतो.

आता मालकांनी मस्टरचीच पंचाईत मिटवून टाकली आहे. माणूस आपल्या पटावर घ्यायचाच नाही, ठेकेदाराच्या पटावर ठेवायचा. मुंबईतल्या सिप्ला कंपनीच्या प्रकरणात २००१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, कंपनीशी मालक-कामगाराचं नातं निर्विवाद असेल तरच या कायद्याखाली तक्रार चालेल. ठेकेदाराचा कामगार खरं तर आमचाच, हे आधी दुसऱ्या मार्गाने सिद्ध करून यावं लागेल. तेवढ्याने थेट उघडणारं ते दार लाखो माणसांपुरतं बंद झालं. कायद्याचा अर्थ लावताना शब्दांशी इमान राखलं गेलं असेल. पण एमआयडीसीत सकाळी सहाला बसमधून उतरणाऱ्यांपैकी कितीजण आज कंपनीच्या पटावर असतात, हे पाहिलं की सहाव्या बाबीला धार कुठे उरली असा प्रश्न पडतो. मॅनेजर आणि वरच्या पगाराचे पर्यवेक्षक तर मुळातच ‘कामगार’ या व्याख्येबाहेर. बँका, रेल्वे, बंदरं ही केंद्राच्या अखत्यारीत, तीही बाहेर.

या कायद्याबाहेरही काही आधार आहेत. बायकांसाठी राज्याच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्यात भरती, प्रशिक्षण, बदली, बढती आणि वेतन यांत भेद करू नये असं स्पष्ट लिहिलं आहे. एचआयव्हीच्या कारणावरून काम नाकारण्याचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयाने १९९७मध्येच हाताळला होता. त्या प्रकरणातला माणूसही रोजंदारीवरचाच. कायम करण्याची वेळ आली, वैद्यकीय तपासणी झाली आणि यादीतून नाव गेलं. काम करायला तो समर्थ आहे ना, एवढंच पाहा, असं न्यायालयाने सांगितलं आणि त्याचं नाव जगापुढे येऊ दिलं नाही.

नोव्हेंबर २०२५मध्ये केंद्राच्या चार कामगार संहिता लागू झाल्या. औद्योगिक संबंध संहितेच्या परिशिष्टात पक्षपाताची आणि बदली कामगारांची बाब कायम आहे, ‘बदली’ या शब्दासकट. मात्र संहितेत स्थायी आदेशांची सक्ती तीनशे किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांवर आहे, आणि ठरावीक मुदतीच्या नोकरीला तिने रीतसर मान्यता दिली आहे. मुदतीच्या कामगाराला कायम कामगाराइतकंच वेतन आणि सवलती द्याव्यात असं ती म्हणते. मुदत संपल्यावर मात्र काढलं असं म्हणायचं नाही, मुदत संपली. काकांच्या काळात ज्याला ब्रेक म्हणत, त्याला आता कागदावर जागा मिळाली. आज ज्याला तक्रार करायची आहे त्याने वकिलाला पहिला प्रश्न हाच विचारावा की, राज्याच्या कायद्याने जायचं की संहितेने. दोन्ही दगडांवर पाय ठेवता येत नाही, हे जुन्या कायद्यांतही होतंच.

काकांनी चौथ्या ब्रेकनंतर धीर केला. युनियनच्या माणसाने त्यांना एका वकिलाकडे नेलं, मी पिशवी धरायला बरोबर होतो. वकिलांनी निधीच्या स्लिपा पाहिल्या, दोन नेमणूकपत्रं पाहिली आणि विचारलं, “तारखा कुठे लिहून ठेवल्यात का?” काका म्हणाले, कॅलेंडरवर आहेत. मग जरा थांबून म्हणाले, या वर्षाचं घरी आहे, मागची दोन काकूंनी पोरांच्या पुस्तकांना कव्हर घालायला वापरली.

वकील हसले नाहीत. म्हणाले, “मग पोरांची दप्तरं घेऊन या.”